पेनांवरचं फडकं

६ जानेवारी १९८०, नाकाडोंगरी

ही वही मी माझ्यासाठी नाही, मी जमवलेल्या जुन्या पेनांसाठी लिहितो आहे. जुना बॉलपेन डब्यात पडून राहिला की रिफिलमधली शाई डिंकासारखी घट्ट होते आणि टोकातला छर्रा जाम बसतो. मग कितीही झटका, नुसता कोरडा ओरखडा उठतो. म्हणून त्याला अधूनमधून चालवावं लागतं. इतके दिवस मी रद्दीवर रेघा ओढायचो. मालन म्हणाली, "नुसत्या रेघोट्या कायले मारता जी? चार अक्षरं लिवा, कोनी वाचल तरी." बायकोचं कधीतरी ऐकावं. तेव्हा आजपासून डब्यातला एक पेन काढायचा, जे सुचेल ते त्याने लिहायचं, पुसून परत ठेवायचा.

तसं माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. मी केशव चिंधू नंदेश्वर. मँगनीजचा दगड दळून त्याची पावडर करणाऱ्या चक्कीवर काटाबाबू आहे. पोतं काट्यावर चढतं, मी वजन लिहून घेतो. पावडर बॅटरीचे सेल करणाऱ्या कारखान्यांकडे जाते. काटा दळणाच्या यंत्राला लागूनच आहे. संध्याकाळी घरी आलो की मालन मला अंगणात उभं करून झटकते, मगच उंबरा ओलांडू देते.

आजचा पेन हिरव्या कचकड्याचा आहे. तुमसरला जागेश्वरच्या टपरीवर मिळाला. जागेश्वर रिफिली भरून देतो आणि मोडके पेन जोडतो. "असे पेन आता कोनी इचारत नाही, केशवबाबू. तुमीच एक गिऱ्हाईक," असं म्हणाला. आत पितळी रिफिल आहे, त्या मापाची आता येत नाही. तीच पुन्हा पुन्हा भरून घ्यावी लागणार. ओळ मात्र सुरेख उठते आहे.

१९ जानेवारी

पितळी पेन. करडी गावच्या एका पेन्शनर शिपायाने मला दिलेला. खिशाला ओढ बसेल इतका जड. आज ओळ मध्येच तुटायला लागली म्हणून उघडला, तर स्प्रिंगमध्ये, टोकाच्या खाचेत, सगळीकडे काळी भुकटी. चक्कीची पावडर! बोटांच्या चिमटीत धरली तर जाणवतसुद्धा नाही इतकी बारीक. नाक शिंकरलं की रुमालावर दिसते तेवढीच. ती छऱ्याच्या कडेने आत शिरणार नाही तर काय.

स्पिरिटचा बोळा फिरवला, टोक कोमट पाण्यात धरलं, स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला. मग मालनकडून तिच्या जुन्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवून घेतली. डबा तिच्यात राहील. चक्कीवर नेतो त्या पेनांसाठी खिशावर एक फडकंही लावून घेतलं, दोन गुंड्यांचं.

आमचे मोठे बाबू भय्याजी ते खिशावरचं फडकं बघून हसले. "लेकराले जपत नाही कोनी एवढं." मी म्हटलं, लेकरू रडून सांगतं, पेन सांगत नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

२३ फेब्रुवारी

चंदेरी पेन, खाणीवरच्या जुन्या साहेबाचा.

इश्वरला काय झालं आहे कळत नाही. तो दळणाच्या यंत्रावर असतो, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. गेली कित्येक वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खात आलो. पण आताशा त्याला गर्व झालेला दिसतो. मी काही बोललो तर चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आवाज इतका खाली घेतो की कान द्यावा लागतो, आणि मग भलत्याच वेळी हसतो. आज पोतं फाटून मजुराच्या पायावर पडलं, माणूस कळवळला, आणि हा हसत उभा. मला राग आला. मी दुपारी त्याच्याबरोबर जेवलो नाही.

१५ मार्च

इश्वर चक्कीच्या पायऱ्यांवरून पाठीमागे पडला. काही अडखळलं नाही, धक्का लागला नाही, उभा होता तो सरळ मागे गेला. मालकांनी दारू प्यायला म्हणून कामावरून काढलं. इश्वर दारूला शिवत नाही हे अख्ख्या बस्तीला माहीत आहे. मी भय्याजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग काहून पडला?"

चंदेरी पेनही आता बिघडत चालला आहे. ओळ थरथरल्यासारखी येते. फडकं बांधूनही भुकटी जातेच कशी?

१४ एप्रिल

जयंती. आमच्या बस्तीत या दिवशी एक पद्धत आहे, ती मीच पाडली. त्या वर्षी जी पोरं शाळेत जाणार ती माझ्या डब्यातला आवडेल तो पेन निवडतात आणि मी त्याने त्यांचं पूर्ण नाव जाड कागदावर लिहून देतो. आई तो कागद बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला चिकटवते. काही घरांत तीन-तीन भावंडांचे कागद आहेत. माझ्या अक्षरातली ती भिंतीवरची नावं बघत मी बस्तीतून चालतो तेव्हा मला फार बरं वाटतं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

रत्नाबाईच्या पोरीने चार रंगांचा पेन उचलला आणि तांबडा रंग मागितला. नाव सुरू केलं ते मोठं, पण आडनावापर्यंत येता येता अक्षरं मुंगीएवढी झाली. हात पुढे सरकेचना. मी दुसरा कागद घेतला, निळा रंग घेतला, पुन्हा तेच.

रत्नाबाई म्हणाली, "भाऊजी, माह्या पोरीचं नाव एवढं बारीक काहून लिवलं? दिसत नाही ना."

मी म्हटलं, शाई जुनी आहे, ओढावी लागते. तिने कागद घेतला, पोरीला म्हणाली, "पाया पड." पण तिचा चेहरा उतरला होता. बाकीच्या पोरांना मी सांगितलं, पेन दुरुस्त झाले की लिहून देतो. आजवर असं कधी केलं नव्हतं.

४ मे

तुमसर. जागेश्वरसमोर डबा उघडून ठेवला. त्याने एकेक पेन घेऊन आपल्या तळहातावर रेघ ओढली. सगळ्या रेघा काळ्याभोर.

"पेन तं मस्त चालून राहिले बाप्पा."

मी त्याच्या हातातून घेऊन कागदावर ओढली तर ओळ वाकडी, कापरी. म्हटलं, बघ. त्याने ओळीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुमी थकल्यासारखे दिसता, केशवबाबू. वयनीले घेऊन चार दिवस आंबागडले सासऱ्याकडे जाऊन या."

जागेश्वर म्हातारा झाला, त्याला आता मेहनत नको झाली आहे. तळहातावर काय, खिळ्यानेही रेघ उठते. मी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची पिचकारी घेतली, जागेश्वरकडून शाई घेतली आणि घरी आलो. माझे पेन मीच बरे करीन.

२२ जून

आज मन फार खट्टू आहे. पितळी पेन गेला.

रिफिलचं टोक पूर्ण साफ करायचं तर छर्रा काढावा लागतो. सुईने तो अलगद उचकटायचा, खाच पुसायची आणि पुन्हा दाबून बसवायचा. हे मी पूर्वी केलेलं आहे. आज सुई धरलेला हात असा काही उडाला की छर्रा निसटून सारवलेल्या जमिनीत गेला. मोहरीच्या दाण्याहून लहान वस्तू. मालनने उजेडासाठी दार सताड उघडलं, आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपली. मिळाला नाही.

मालन म्हणाली, "हात कापते तुमचा. डाक्टरले दाखवा ना जी." मी तिच्यावर खेकसलो. पेनाचं काम करताना कोणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. ती चुलीकडे निघून गेली. मग मी हट्टाने चंदेरी पेन घेतला. त्याचं टोक तापवताना ज्योतीत जास्त वेळ राहिलं आणि शाई उकळून बाहेर आली. साहेबाचा पेन, त्याच्यासारखा जिल्ह्यात दुसरा नसेल. बरे करायला घेतलेले पेन माझ्याच हातून मरत चालले आहेत.

१३ जुलै

चार रंगांचाही गेला. त्याविषयी लिहावंसं वाटत नाही.

१० ऑगस्ट

इश्वरकडे गेलो होतो. फार दिवस जाईन जाईन म्हणत होतो. त्याची बायको शकुनबाई एकटी धानाच्या रोवणीच्या कामाला जाते आणि हा खाटेवर पडून असतो. तिने त्याला धरून बसवलं. मला पाहून त्याच्या तोंडातून काहीतरी आलं, ते मला समजलं नाही. हातात ताटली दिली तर भात सांडला. कोणी म्हणतात बाहेरचं लागलं आहे. शकुनबाईने कोंबडं दिलं, अंगारा लावला, काही उपयोग झाला नाही.

आणि मग एक लाजिरवाणी गोष्ट घडली. ती रडत सांगत होती आणि मला हसू फुटलं. आत दुःखच होतं, खरंच दुःख होतं, पण तोंड हसत होतं आणि ते थांबवता येईना. शकुनबाई माझ्याकडे बघत राहिली. "हासा, बाबू. तुमचं काय जाते," एवढंच म्हणाली.

मी उठून आलो. हे कोणत्या तोंडाने कोणाला सांगू? इश्वर खाटेवरून माझ्याकडे बघत होता. त्याला राग आलेला नव्हता, असं मला का वाटतं?

२१ सप्टेंबर

डब्यात आता थोडेच चालू पेन उरले आहेत. हिरवा कचकड्याचा मी मागेच टाकून दिला होता, त्याची ओळ फार कापरी यायची.

मालन उन्हाळ्यापासून प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते. समाजमंदिरात भरतो. आज ती पाटीऐवजी वहीवर गिरवत होती, तर हातात तोच हिरवा पेन. टाकलेला उचलून ठेवला होता म्हणे. मी मागून बघत राहिलो. क, का, कि, की. ओळ अखंड, काळी, कुठे तुटत नाही. मी पेन घेतला, लिहिलं, पुन्हा कापरी. तिला दिला, पुन्हा सरळ. बहुतेक ती जोर लावून दाबत असावी. रोवणी-निंदणीचे हात, त्यांना दाबायची सवय. तसंच असणार.

ती म्हणाली, "तुमी आजकाल कोंबड्यावानी टाचा उचलून काहून चालता? पोट्टे तुमची नक्कल करून राहिले." मी म्हटलं, चप्पल चावते.

८ ऑक्टोबर

आज पगारपत्रकावर सही केली आणि भय्याजींनी ते परत माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुमची सही नाही, केशवराव."

"माझीच आहे. आत्ता तुमच्यासमोर केली."

"ते मी पाहिलं. पन मागच्या वर्षीची पाहा." त्यांनी जुनं पत्रक काढलं. 'के. चिं. नंदेश्वर', शेवटच्या रकाराला ती माझी झोकदार शेपटी. शेजारी आजची, एवढीशी, सुताच्या गुंत्यासारखी. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसचा पेन खराब आहे. त्यांनी आपल्या खिशातला दिला. तोही खराब निघाला. त्यांनी तिसरा दिला नाही, नुसतं म्हणाले, "राहू द्या. या खेपेला चालवून घेतो."

भय्याजी वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या त्या मऊ आवाजाने मला जेवढं घाबरवलं तेवढं ओरडण्याने घाबरवलं नसतं. जगातले सगळे पेन एकदम कसे बिघडतील? हे वाक्य मी आज लिहिलं, पण ते गेले कित्येक दिवस मनात येऊन जात होतं.

२३ नोव्हेंबर

मालनने ऐकलंच नाही, भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर तरुण होते. आधी कागद देऊन नाव लिहायला लावलं, मग चालायला लावलं, मग म्हणाले उलटे चाला. मी पाऊल मागे टाकलं आणि त्यांच्या हातातच पडलो. त्यांनी तयारीच ठेवली होती.

मग पेनाबद्दल, हाताबद्दल काही विचारलं नाही. काम काय करता, हे विचारलं. किती वर्षं, यंत्रापासून किती लांब बसता, नाकातोंडाला काही बांधता का. मी म्हटलं नाही. तुमच्यासारखं आणखी कोणाला झालं आहे का? मी म्हटलं इश्वर. त्यांनी डोळे मिटून घेतले थोडा वेळ.

म्हणाले, ती पावडर श्वासातून जाते आणि डोक्यात बसते. काम आजच सोडा. गोळ्या देतो, पण गेलेलं परत येईल असं सांगत नाही, आहे ते टिकलं तर नशीब.

येताना एसटीत मालन गोळ्यांची पुडी मुठीत धरून बसली होती. खापा गाव मागे गेल्यावर म्हणाली, "पेनाले फडकं बांधलं. नाकाले नाही बांधलं?"

रागाने म्हणाली नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पेन उघडून मी भुकटी पाहिली होती. तिला स्पिरिटने पुसली होती. ती कुठे कुठे शिरते हे माझ्याइतकं त्या चक्कीवर कोणालाच माहीत नव्हतं. इश्वरला मी गर्विष्ठ म्हणून याच वहीत लिहून ठेवलं आहे.

पेन चांगले होते. जागेश्वर खरं सांगत होता. सगळे चांगले होते आणि मी ते मारले.

११ जानेवारी १९८१

चक्कीवर गेलो होतो, कामाला नाही. नव्या काटाबाबूला आणि यंत्रावरच्या पोरांना म्हटलं, नाकाला फडकं बांधा, ओलं करून बांधा. माझा आवाज आता लांब जात नाही, यंत्र चालू होतं. दोघातिघांनी ऐकलं असावं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पेनबाबू आता आपल्यालेही पिशवीत घालते." हसले. मालकांचा माणूस आला आणि मला हाताला धरून फाटकापर्यंत सोडून गेला. मी पाठीमागे पडू नये म्हणून धरलं, असं तो म्हणाला.

२० फेब्रुवारी

हे थोडं थोडं करून लिहितो आहे. अक्षर मलाच लागत नाही.

आज चक्कीवरचं माझं नाव कमी झालं. मी स्वखुशीने काम सोडतो आहे, असा कागद भय्याजींनी पुढे ठेवला. दोन ओळी आणि खाली सहीची जागा. स्वखुशी हा शब्द मी दोनदा वाचला. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हटलं, सही करतो. टेबलाला सुतळीने बांधलेला ऑफिसचा पेन होता, तो घेतला. 'के' झाला. पुढे हात जाईना. कागदावर नुसता एक काळा ठिपका मोठा होत गेला. भय्याजींनी थांबू दिलं, घाई केली नाही. मग त्यांनी शाईचा पॅड उघडून माझ्याकडे सरकवला.

"अंगठा लावा, केशवराव. कायले तरास घेता."

माझे वडील जन्मभर अंगठा लावत आले. मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांपुढे त्यांनी लावला आणि बाहेर येऊन अंगठा धोतराला पुसत म्हणाले होते, आता आपल्या घरात हे कोणी करणार नाही. ते गेले हे बरं झालं, असं आज पहिल्यांदा वाटलं. मी अंगठा पुढे केला. तो थरथरत होता, म्हणून भय्याजींनी माझं मनगट धरून टेकवला. चांगला उठला.

अंगठ्याला साक्षीदार लागतो, सही करता येणारा. भय्याजी दुसऱ्या बाबूला हाक मारणार, इतक्यात दारातल्या बाकावरून मालन उठून आत आली.

"मी करीन जी सही. मले येते."

भय्याजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून तिला जागा दिली. ती उभ्यानेच वाकली. सुतळीचा तोच पेन तिने मुठीत घट्ट धरला आणि ओठ दाबून एकेक अक्षर काढलं. मालन केशव नंदेश्वर. बराच वेळ लागला.

कागद माझ्यासमोरच होता. मधलं नाव माझं. मोठं, गोल, कुठे न तुटलेलं. माझं नाव इतकं नीट लिहिलेलं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.